गोड करून सांगणाऱ्या महानंदाताई

महानंदाताईंना फोनवर बोलताना दोन्ही हात मोकळे लागत. फोन त्या खांद्याने कानाशी दाबून धरायच्या, मान तिरकी करायच्या आणि पलीकडच्या माणसाला जे सांगायचं ते तोंडाने आणि हातांनी एकाच वेळी सांगायच्या. पलीकडचा माणूस जळकोटला नाहीतर शिरूर अनंतपाळला बसलेला. त्याला हे हात दिसणार कुठून? पण "रविवारी पोरीला घ्यायला या" एवढं सांगताना रविवार, पोर, येणं, सगळं हवेत उमटायचं. लातूरच्या त्या निवासी शाळेत मी नवा होतो तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं आणि मला हसू आवरलं नाही. त्यांनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "हसा सर, हसा. हात बांधले की माझी जीभ लुळी पडती."

शाळा कर्णबधिर मुलांची. गावातले लोक तिला सरळ मुक्यांची शाळा म्हणत आणि रिक्षावालेही त्याच नावाने आणून सोडत. मी नांदेडचा, मराठीचा मास्तर. महानंदाताई मुलींच्या वसतिगृहाच्या काळजीवाहक. कागदावर त्यांचं काम मुलींच्या वेण्या, कपडे, ताप-खोकला एवढंच होतं. प्रत्यक्षात पालक आले, डॉक्टर आले, तपासणीला साहेब आले की पहिलं वाक्य ठरलेलं असे : "ताईंना बोलवा." आम्ही शिक्षक प्रशिक्षण घेऊन खुणांची भाषा शिकलेले. त्यांचं मात्र ते माहेरच होतं.

त्यांचे आई-वडील दोघंही जन्मापासून ऐकू न येणारे. वडील आधी मुरुडला आणि नंतर लातूरला टेलर होते. आई काशीबाई घरीच साड्यांना फॉल-पिको करायच्या. या घरात जन्मलेली ही एकुलती एक, कानाने धडधाकट पोर. तिची पहिली भाषा हातांची. तोंडाने बोलायला तिला शिकवलं शेजारच्या जैतुनबींनी, त्यामुळे तिचे पहिले बोललेले शब्द दखनी उर्दूतले. मराठी आली शाळेत गेल्यावर. "माझ्या डोक्यात तीन खोल्या हायेत सर," त्या म्हणायच्या. "आतल्या खोलीत हात राहतेत. मधल्या खोलीत जैतुनबी. आन तुमची मराठी अजून बी ओसरीवर बसलेली हाय."

हे अगदी खरं होतं. पेपर मनात वाचताना त्यांची बोटं मांडीवर हलत. एखादा शब्द आठवेना झाला की आधी हात उठायचा, हवेत आकार काढायचा आणि मागून शब्द तोंडात यायचा. कधीकधी यायचाच नाही. मग हात तसाच धरून त्या माझ्याकडे बघायच्या : "बोटाला आठवलंय, तोंडाला न्हाई. सांगा की पटकन." आणि मी पडलो अर्धवट. माझ्या खुणा बघून तर त्या कपाळाला हात लावत. "सर, तुमचे हात तोतरे हायेत," असं त्यांनी मला पहिल्याच महिन्यात तोंडावर सांगितलं होतं.

ऐकू न येणाऱ्या माणसांत कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. प्रत्येकाची एक खूण असते आणि तीच जन्मभर नाव म्हणून चालते. मुलींनी माझं नाव ठेवलं होतं पोटावरून फिरवलेला हात, त्याबद्दल मी जास्त काही लिहीत नाही. महानंदाताईंच्या हनुवटीवर तीळ होता. हनुवटीला बोट लावलं की महानंदा. हे नाव त्यांच्या आईने ठेवलेलं.

मी आल्यावर थोड्याच दिवसांत जळकोटकडचा एक शेतकरी मुलीला भेटायला आला. मुलीचं नाव रेणुका, चौथीत होती. बाप सकाळच्या एसटीने धक्के खात आलेला आणि पोर त्याच्याकडे बघायलाच तयार नाही, घरी नेलं नाही म्हणून रुसलेली. बाप तापला. "सगळी कामं सोडून आलो म्या, आन ही तोंड फिरवून राहिली! हिला शिकवून काय दिवे लावायचेत? घरी असती तर शेरडं तरी वळली असती." महानंदाताई दोघांच्या मध्ये उभ्या होत्या. त्यांचे हात हलू लागले आणि माझ्या तोतऱ्या डोळ्यांनाही एवढं कळलं की त्यात शेरडं कुठेच नव्हती. रेणुका हळूच वळली, बापाजवळ गेली आणि त्याच्या बंडीचं टोक धरून उभी राहिली. बापाचा राग उतरला. उपरण्याने तोंड पुसत म्हणाला, "वाळली का हो जराशी?"

नंतर मी विचारलं, "ताई, तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"सांगितलं की तुझ्या बापाला तुझ्याबिगर करमत न्हाई म्हनून सगळं काम टाकून आलाय."

"तो असं कुठे म्हणाला?"

"म्हनला की. तुमाला ऐकू आलं न्हाई." आणि मग माझा चेहरा बघून त्यांनी समजूत घातली, "सर, शब्द पोचवायचे नसतेत. माणूस पोचवायचा असतो."

मला ते इतकं आवडलं की पुढच्या शिक्षकदिनाच्या भाषणात मी ते वापरलं आणि टाळ्या घेतल्या.

ही कला त्यांना लहानपणीच अवगत झाली होती, कारण तिच्यावाचून गत्यंतर नव्हतं. फ्रॉक घालायच्या वयापासून त्या घराचं तोंड होत्या. दुकानाचा मालक भाड्यासाठी यायचा आणि बापाला नको नको ते बोलायचा. मुक्या, बहिऱ्या, आणि त्यापुढचं बरंच काही. बाप लेकीकडे बघायचा : काय म्हणतायत? लेक हातांनी सांगायची, मालक म्हणतायत शिलाई चांगली असते तुमची, भाडं जरा वेळेवर द्या. बाप खूश होऊन मालकाला हात जोडायचा. मालक आणखी चिडायचा, त्याला वाटायचं हा आपली थट्टा करतोय. "मग शिव्या जायच्या कुठं ताई?" मी विचारलं होतं. त्यांनी हात पोटावर ठेवला. "हितं. जिरल्या. माझी तब्येत बगा की."

पण सगळ्याच गोष्टी जिरत नाहीत. त्यांना बघायला उदगीरकडचे पाहुणे आले होते, त्याचा किस्सा त्यांनी मला एकदाच सांगितला, मुलींच्या गणवेशांच्या घड्या घालता घालता. मुलगा चांगला होता, दुकान होतं, पाहुण्यांना शिरा आवडला होता. मुलाच्या आत्याने बैठकीत विचारलं, "आईबाप दोगं बी मुके. उद्या हिच्या पोटी तशीच निपजली तर?" काशीबाई उत्सुकतेने लेकीकडे बघत होत्या, पाहुणे काय विचारतायत ते कळावं म्हणून. महानंदाताईंनी हातांनी सांगितलं, ते विचारतायत की मुलगा तुम्हाला पसंत आहे का. काशीबाईंनी दोन्ही हातांनी, तोंडभर हसत, पसंत आहे असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी महानंदाताईंनीच नकार कळवला. मग आणखी स्थळं आली, आणि तेच. लेक लग्न का करत नाही हे त्या माउलीला शेवटपर्यंत समजलं नाही. लेकीचा स्वभाव विचित्र आहे, अशी त्यांची समजूत. "असू दे की," महानंदाताई म्हणाल्या. "विचित्र लेक परवडती. मुकी माय म्हनून लेकीचं लगीन मोडलं, हे परवडत न्हाई."

तेव्हा मला ते फार थोर वाटलं होतं. आता इतकं सरळ वाटत नाही.

मध्ये माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगून टाकतो, कारण पुढे तिची गरज आहे. शाळेच्या वार्षिक संमेलनाची पत्रिका आम्ही सगळ्या शिक्षकांनी तपासली होती. छापून आल्यावर सातवीतल्या एका मुलीने पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. तिथे एका शब्दातलं अक्षरच गळालं होतं. आम्ही बी.एड. झालेली माणसं, आणि ते कुणालाच दिसलं नव्हतं. कारण सवयीचा वाचणारा अक्षरं वाचतच नाही. शब्दाचा तोंडवळा ओळखीचा दिसला की डोकं गाळलेलं अक्षर स्वतःच भरून घेतं आणि पुढे जातं. ती मुलगी बिचारी अक्षर अन् अक्षर लावून वाचायची, म्हणून तिला खळगा दिसला. आम्ही हसलो, पेनाने अक्षरं घातली आणि पत्रिका वाटून टाकल्या.

पुढे काही वर्षांनी, एका सोमवारी शाळा भरायच्या सुमारास महानंदाताईंचा मला फोन आला. आईला बरं वाटत नाही, गाडी घेऊन या. मी गेलो. वडील आधीच वारलेले, घरात मायलेकी दोघीच. काशीबाई बाजेवर बसलेल्या. चेहरा वाकडा नाही, हातपाय व्यवस्थित. फक्त गोंधळल्यासारख्या दिसत होत्या आणि कपाळ दाबत होत्या. आम्ही त्यांना घराजवळच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हातारे आणि सावध. त्यांनी घाई केली नाही. हाताची पकड बघितली, चालवून बघितलं, रक्तदाब घेतला. मग म्हणाले, "यांचं बोलणं नीट आहे का ते बघायला पाहिजे. ताई, तुम्ही विचारा. आज वार कोणता?"

महानंदाताईंनी विचारलं. काशीबाईंचे हात हलले. मला सुई दिसली, मग दार दिसलं, मग काहीतरी आणखी. पण मला काशीबाईंचे हात कधीच पुरते कळलेले नव्हते. त्या जुन्या, घरगुती खुणा करायच्या.

"सोमवार म्हनती," महानंदाताईंनी क्षणात सांगितलं. "महादेवाचा उपास हाय म्हनती."

"काय होतंय विचारा."

हात पुन्हा हलले. "डोकं दुखून राहिलंय म्हनती. रात्री झोप लागली न्हाई. काळजीचं काही न्हाई म्हनती."

डॉक्टरांनी मान डोलावली. स्पष्ट प्रश्न, स्पष्ट उत्तरं. त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या, दोन दिवसांनी या म्हणाले. डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी योग्य तेच विचारलं होतं, आणि त्यांना उत्तरं इतकी छान मराठीत मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोसंबी घेऊन त्यांच्या घरी गेलो. काशीबाईंची मैत्रीण शांताबाई आलेली होती. शांताबाईही ऐकू न येणारी. दोघी तरुणपणापासून शेजारी बसून साड्यांना फॉल लावायच्या. आजही ती साडी घेऊन बसली होती, पण सुई तशीच धरून एकटक काशीबाईंकडे बघत होती. मग तिने साडी बाजूला सारली आणि महानंदाताईंना विचारलं, तेही इतक्या मोठ्या खुणांनी की मलासुद्धा कळलं : ही काय बोलते?

दमली आहे म्हणते, महानंदाताईंनी सांगितलं.

शांताबाईने मान हलवली. ही बोलतच नाही.

महानंदाताईंना राग आला. त्या आईकडे वळून काही विचारायला लागल्या, तशी शांताबाई उठली आणि तिने त्यांची दोन्ही मनगटं धरून ठेवली. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर हात ठेवावा तसं ते होतं. मग एका हाताने मनगटं दाबून धरून, दुसऱ्या हाताने तिने काशीबाईंना विचारलं : पाणी पाहिजे? काशीबाईंनी तांब्या उचलून वर धरल्यासारखं केलं आणि घोट घेतल्यासारखी मान मागे टाकली.

"बगा की!" महानंदाताई मला म्हणाल्या. "पाणी मागून राहिली. कळतंय तिला सगळं."

पण शांताबाईने मान हलवून नाही म्हटलं. तांब्या उचलणं हा अभिनय झाला. तो कुणीही करतं, लहान पोरही करतं. पाण्याचा शब्द कुठे आहे? तिने स्वतः पाण्याची खूण केली आणि काशीबाईंना, कर, असं खुणावलं. काशीबाईंनी सुई केली. मग दार. मग पुन्हा सुई. आणि हे सगळं अगदी झरझर, डोळ्यांत तीच समज, चेहऱ्यावर तेच आर्जव, गप्पा मारताना असावं तसं. फक्त त्यात अर्थ नव्हता.

महानंदाताईंचे हात शांताबाईच्या पकडीत होते. त्यांना मध्ये काही भरता येत नव्हतं. त्या पहिल्यांदाच नुसत्या बघत होत्या, आणि बघता बघता त्यांचा चेहरा उतरत गेला. "सर," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ही कालपासून असंच बोलून राहिली?"

त्याच संध्याकाळी मोठ्या हॉस्पिटलात डोक्याचा फोटो काढला. तिथल्या मेंदूच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी पडद्यावर डाव्या बाजूला एक पांढुरका डाग दाखवला. रक्ताची गाठ अडकून तेवढा भाग मेला होता. "तुमचं-आमचं बोलणं इथे तयार होतं," त्या म्हणाल्या. "इथे इजा झाली की माणूस बोलतो, पण शब्दांची सरमिसळ होते."

"पण ही बोलतच न्हाई की बाई," महानंदाताई म्हणाल्या. "ही हातानं बोलती."

"मेंदूला त्याने फरक पडत नाही. जीभ असो की हात, भाषा ही भाषाच. ती याच जागेत राहते. हात हलवायची जागा वेगळी आहे, ती शाबूत आहे. म्हणून त्या पाणी पिण्याची नक्कल करू शकतात, पण पाणी म्हणू शकत नाहीत."

मग त्यांनी विचारलं, पहिल्या दवाखान्यात हे लक्षात कसं आलं नाही? महानंदाताईंनी काहीही न लपवता सांगितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमचं डोकं तुमच्या आईला आयुष्यभर वाचत आलंय. त्यांनी काय म्हणायला हवं ते त्याला आधीच माहीत असतं. तुटलेलं त्याने जोडून घेतलं. तुम्हाला कळलंसुद्धा नसेल." मला आमची ती पत्रिका आठवली. "काल काही तासांत आणलं असतं तर गाठ विरघळवायचं औषध देता आलं असतं," असंही त्या म्हणाल्या.

काशीबाई चाकांच्या खुर्चीत बसून लेकीकडे बघत होत्या. भुवया उंचावलेल्या. जन्मभराचा तोच प्रश्न : काय म्हणतायत?

महानंदाताईंचे हात वर आले आणि थांबले. मी त्यांना ओळखत असल्यापासून हे हात असे थांबलेले पाहिले नव्हते. मला वाटलं, आता त्या सांगतील, डॉक्टर म्हणतात तू लवकर बरी होशील. मला वाटत होतं त्यांनी तेच सांगावं. पण त्यांनी सगळं सांगितलं. डाग सांगितला, गाठ सांगितली, औषधाची वेळ गेली ते सांगितलं. आणि मग, हळूहळू, मलाही कळेल अशा खुणांनी : तुझं बोलणं मोडलं होतं. मी ते नीट करून सांगितलं. चूक माझी.

काशीबाईंनी ते लक्ष देऊन पाहिलं. मग हात उचलून बराच वेळ काहीतरी सांगितलं, आणि शेवटी लेकीच्या खांद्यावरचा पदर सारखा केला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"कळलं न्हाई सर," महानंदाताई म्हणाल्या. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

त्या दिवसापासून त्यांनी गोड करून सांगणं सोडलं. साहेब तपासणीला आले आणि मुलींना "काय गं बयांनो, फुकटचं खाऊन झोपता का?" असं हसत म्हणाले, ते त्यांनी जसंच्या तसं हातांनी सांगितलं. मुलींनी साहेबांकडे असं बघितलं की साहेबांचं हसू मावळलं. मुख्याध्यापकांनी ताईंना बोलावून घेतलं, म्हणाले, थोडं सांभाळून घ्यायचं की. ताई म्हणाल्या, "सांभाळून घेता घेता माझ्या मायचं बोलनं हातातून गेलं. आता सांभाळनं बंद."

आमचं भांडण झालं ते रेणुकावरून. ती आता दहावीला होती. बाप आला होता, त्याचं त्या दिवशी कशाने बिनसलं होतं देव जाणे. तिला पुढे शिकायचं होतं. तो म्हणाला, "लई झालं शिकनं. तुज्यापायी धाकट्याचं राहून गेलं. तू नसतीस तर बरं झालं असतं." रागात माणूस बोलतो तसं तो बोलला. महानंदाताईंनी ते रेणुकाला सांगितलं. शब्द न् शब्द. पोर पांढरी पडली. दिवसभर जेवली नाही.

मी ताईंना अंगणात गाठलं आणि भडकलो. "एवढं खरं कुणी मागितलं होतं? तो संध्याकाळपर्यंत विसरला असेल. ही पोर जन्मात विसरणार नाही!"

"मग?"

"मग काय मग? तुम्हीच म्हणत होता ना, माणूस पोचवायचा असतो?"

"म्हनत होते." त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे मला आणखी राग आला. "सर, म्या त्या पोरीला सहा-सात वरसं तिच्या बापाचं नाव सांगून माझंच काहीबाही सांगत आले. तिनं ज्याच्यावर माया केली त्यो तिचा बाप न्हाई, ती म्या हाय. आज तिला बाप कळला. वाईट कळला. पन तिचाच कळला."

मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पुरतं पटत नाही. पण त्या दिवशी महानंदाताई रेणुकाच्या खाटेजवळ बसून राहिल्या, त्याही जेवल्या नाहीत. बोललेल्यातलं काही त्यांनी परत घेतलं नाही. अंधार पडायच्या सुमारास रेणुकाने बापाला फोन लावायला सांगितला आणि तिने जे सांगितलं तेही ताईंनी बापाला जसंच्या तसं ऐकवलं. ते चांगलं तिखट होतं. बापाने पलीकडे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "एवढं बोलायला येतं व्हय तिला?" पुढच्या वर्षी रेणुका अकरावीला गेली. यात शहाणपण कुणाचं ते मी ठरवत बसलो नाही.

निवृत्त होऊन मी नांदेडला आलो. महानंदाताई व्हिडिओवर फोन करायच्या. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायच्या आणि दोन्ही हात मोकळे सोडायच्या. "आता कसं, तुमाला माझं सगळं बोलनं दिसतंय," म्हणायच्या. मागे बाजेवर काशीबाई बसलेल्या दिसत. रोजच्या सरावाने त्यांच्या हातात दहा-पंधरा शब्द परत आले होते. पाणी आलं होतं, ऊन आलं होतं. प्रत्येक शब्द आला की ताई मला फोन करून दाखवायच्या.

मग दुसरा झटका आला. यावेळी उजवा हात गेला आणि जमवलेलं सगळं गेलं. एकच खूण उरली. डाव्या हाताचं बोट हनुवटीला. महानंदा. भूक लागली तरी तेच, कूस बदलायची असली तरी तेच, शांताबाई येऊन बसली की तिच्याकडे बघूनही तेच.

मला फोनवर ते दिसलं आणि माझे डोळे भरून आले. "ताई, बघा," मी म्हणालो, "सगळं गेलं आणि तुमचं नाव तेवढं राहिलं. यापरतं काय पाहिजे माणसाला?"

त्या म्हणाल्या, "सगळेच असं म्हनून राहिले सर. पन म्या डॉक्टरबाईला इचारलं. एखादा शब्द असा अडकून बसतो म्हने. कोनता बसल त्याचा नेम न्हाई. चहा अडकला असता तर ती दिवसभर चहा म्हनली असती." मग त्यांनी स्वतःच्या हनुवटीला हात लावला, खूण म्हणून नाही, नुसताच. "मला बी वाटतंय हो, मलाच हाक मारती. लई वाटतंय. म्हनूनच म्या तसं म्हनत न्हाई."

काशीबाई गेल्या तेव्हा मी नांदेडहून लातूरला गेलो. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवलेलं होतं, कपाळभर विभूती, मांडीवर बेलाची पानं. अंगणात नातेवाईक, आणि एका बाजूला ऐकू न येणाऱ्यांचा मोठा घोळका. चुलत मामीने महानंदाताईंना जवळ घेतलं आणि विचारलं, "शेवटाला काय म्हनली गं माय? तुजंच नाव घेतलं आसंल."

"माझंच नाव होतं हातात," ताई म्हणाल्या. "मला हाक मारत होती का पाणी मागत होती, ते कळलं न्हाई. म्या पाणी पाजलं."

मामीला ते आवडलं नाही. तेवढ्यात घोळक्यातून शांताबाई पुढे आली. ती आणखी वाळली होती. महानंदाताईंच्या समोर उभी राहून तिने हातांनी काहीतरी सांगितलं. थोडकंच, पण जोरात. अंगणातल्या बायका वळून बघू लागल्या. "काय म्हनली ती?" मामीने विचारलं. सगळ्यांना वाटलं सांत्वनाचं काही असेल.

माझे हात अजून तोतरे आहेत, पण डोळे इतक्या वर्षांत सुधारले होते. शांताबाई काय बोलली ते मला कळलं होतं. मी मनात म्हणालो, ताई, आजच्या दिवस तरी नका. आजच्या दिवस गोड करून सांगा.

महानंदाताईंनी डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मावशी म्हनती, त्या दिशी तू मधी बोलली नसतीस तर ही आनखी जगली असती."

एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

शांताबाई त्यांच्या तोंडाकडे, ओठांकडे बघत होती. ऐकू तर येत नव्हतं, पण बायकांचे चेहरे बघून तिला कळलं असावं की आपलं बोलणं सगळं पोचलं. तिने हात पुढे केला आणि महानंदाताईंच्या हनुवटीवर, तिळावर, बोट ठेवलं.

"आन आता काय म्हनली?" मामीने घाबरत विचारलं.

"काही न्हाई," महानंदाताई म्हणाल्या. "माझं नाव घेतलं."